गच्चीवरची स्वीडनची गुढी

मला सणांचं फारसं कौतुक नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना सणाच्या दिवशी फक्त नवे कपडे घालून खाली उतरायचं असतं, त्यांना कौतुक असतं. आम्हाला आदल्या दिवशी नारळ खवायचे असतात. उभा जन्म परळमध्ये गेला, त्यामुळे ढोल, मांडव, वर्गणी, महाप्रसाद हे सगळं पोटभर झालेलं आहे. म्हणून सुनेने जेव्हा विचारलं, "आई, या जूनमध्ये आपण गच्चीवर आमचा सण करूया का?" तेव्हा माझ्या तोंडून पहिल्यांदा काय निघालं असेल, तर "अजून एक?"

सून स्वीडनची. मुलगा तिकडे नोकरीला होता, तिथे जमलं, लग्न करून दोघं इकडे आली आणि इथेच राहिली. ती वरळीला एका ऑफिसात जाते. मराठी बोलते, चुकली तरी थांबत नाही, पुढे रेटते. आमचे हे मूळचे मालवणकडचे, ते तिला पहिल्या दिवसापासून "बाय" म्हणतात. मी म्हणायला थोडा वेळ घेतला. मला सगळ्यालाच थोडा वेळ लागतो.

तिचा हा सण जून सरत आला की येतो. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी तिकडचे लोक पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभारतात, त्याच्याभोवती फेर धरतात आणि बेडकासारख्या उड्या मारतात. हो, मोठी माणसं. मग बटाटे आणि मासे खातात. आधीची दोन वर्षं ती तिच्या देशातल्या लोकांबरोबर कुठल्याशा हॉटेलात जाऊन हे सगळं करून येत होती. आमची ना नव्हती. यंदा मात्र तिला ते आमच्या गच्चीवर हवं होतं, आणि त्याचं कारण होतं तिचे वडील.

वडील तिकडे एका खेड्यात एकटे राहायचे. आई नाही, ही एकुलती एक. हिवाळ्यात ते बर्फावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि पुढे त्यांना वृद्धाश्रमात हलवावं लागलं. निर्णय हिने घेतला, इथे बसून, फोनवरून. दुसरं काय करणार होती? घराला कुलूप लागलं. तेव्हापासून म्हातारा हिच्याशी बोलला नव्हता. दर रविवारी ही फोन लावायची, तिथली नर्स उचलायची, आत जाऊन यायची आणि सांगायची, झोपलेत. कोण माणूस दर रविवारी नेमका त्याच वेळी झोपतो? सून "बरं" म्हणून फोन ठेवायची आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या हातातलं लाटणं घ्यायची. त्या दिवशीच्या पोळ्या जाड व्हायच्या. मी गपचूप खायचे.

त्यांच्या गावचा खांब दरवर्षी ह्या वडिलांच्या हुकमावर उभा राहायचा म्हणे. गावातले सगळे पुरुष लांब काठ्या लावून तो ढकलायचे आणि हे समोर उभे राहून ओरडायचे. म्हणून हिने नर्सकडे निरोप ठेवला, की मी इथे मुंबईत खांब उभारणार आहे, त्या दिवशी फोनवर दाखवीन, त्यांना जागं ठेव. नर्सने निरोप दिला.

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"काहीच नाही," सून म्हणाली. "पण आई, नको म्हणाले नाहीत!"

तेवढ्यावर ही पोरगी घरभर गुणगुणत फिरत होती. मला तिचा रागच आला. इतक्याशा गोष्टीवर माणसाने इतकं खूश होऊ नये, पुढे तोंडावर आपटायला होतं. पण सांगणार कोण? फोनची वेळ ठरली ती त्यांच्या दुपारच्या कॉफीनंतरची, म्हणजे आमच्याकडे दिवेलागण होऊन गेलेली.

तयारीला लागलो. मासा हवा होता, तिकडे मिळतो तसला छोटा, तेलकट. वरळी कोळीवाड्यात गेलो तर होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या. जूनमध्ये मासेमारी बंद असते, हे मी तिला चार वेळा सांगितलं होतं, पण तिला स्वतः जाऊन ऐकायचं होतं. कोळणीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बाय, समिंदर बंद हाय. सुकं ने नायतर बर्फातलं ने." शेवटी बर्फातले बांगडे आणले. घरी येऊन तिने ते व्हिनेगर, कांदा, मिरी आणि साखर घालून बरणीत भरले. माशात साखर! मी बरणीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. हे मात्र धीट. एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावत राहिले आणि म्हणाले, "लोणचा बरा असा. मासो फुकट घालवलंस." सून इतकी हसली की तिला ठसका लागला. बटाट्यांवर घालायला तिला शेपू हवी होती. शेपूचं नाव काढलं की आमच्याकडे निम्मी माणसं ताटावरून उठतात, पण ती तिची तिकडची आवडती भाजी निघाली. घ्या! इतकी वर्षं मी शेपू घरात येऊ दिली नव्हती.

खांबाचं काम ह्यांनी ताब्यात घेतलं. ते होणारच होतं. बिल्डिंगच्या गणपतीचे हे कायमचे कारभारी, रिटायर झाल्यापासून तर दुसरा उद्योगच नाही. मांडववाल्याकडून बांबू आला, पत्र्याचं एक पिंप वाळूने भरलं, आडवा दांडा बांधला, वेताची दोन मोठी कडी करून घेतली. सून पहाटे दादरला जाऊन फुलं घेऊन आली, पिवळी शेवंती, पांढरी शेवंती, झेंडू. तिकडच्या झाडांची पानं इथे कुठली मिळायला? आंब्याचे टाळे आणि अशोकाची पानं आणली. आम्ही बायका गच्चीवर बसून कडी मढवत होतो, पाऊस येऊन-जाऊन होता, तो आला की सगळं उचलून जिन्यात पळायचं आणि गेला की परत मांडायचं.

दुपारी बिल्डिंगमधल्या पाच-सहा जणांनी मिळून खांब उभा केला. आडव्या दांड्याच्या दोन्ही टोकांना फुलांची कडी लोंबत होती, खाली सगळी हिरवी पानं. हे दोन पावलं मागे सरले, कमरेवर हात ठेवून वर पाहिलं आणि म्हणाले, "ही तर गुढीच की!"

आणि खाली जाऊन हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आले. बांबूला बोटं टेकवली, नमस्कार केला. सुनेला ते फार आवडलं, तिने फोटो काढला. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

मग बायका जमल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी चांगलं नेसून, गजरा माळून आल्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "पाया पडायचं का ह्याच्या?"

"नाही. उड्या मारायच्या," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी टिंगल करते. पण सून पुढे झाली, हात कानांशी नेऊन हलवले, मग पाठीमागे शेपूट असल्यासारखे हलवले आणि उकिडवी बसून खांबाभोवती टुणटुण उडत निघाली. ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर असलेली बाई! पहिल्यांदा सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग एकेक करून उतरल्या. गुडघ्यांनी साथ दिली नाही तेव्हा वहिनींनी सरळ फेर धरला, त्यात झिम्मा घुसला, आणि तिचं काय नि आमचं काय ते शेवटी कुणाला कळेना. सुनेने सांगितलं की लग्न न झालेल्या मुली त्या रात्री सात तऱ्हेची फुलं उशाखाली ठेवून झोपतात, म्हणजे स्वप्नात नवरा दिसतो. वहिनी म्हणाल्या, "बरंय बाई, आधी बघायला तरी मिळतो. आम्ही आत्ताच वडाला सात जन्मांचं सांगून आलो." त्यावर ह्यांनी खोकून दाखवलं.

बटाटे खाल्ले गेले. शेपूसकट. बांगड्याची बरणी फिरून फिरून तशीच परत आली. पाऊस नव्हता, ढग होते. सगळे खाली गेले. सूनही आंघोळ करून, केस नीट करून वडिलांसमोर बसायचं म्हणून खाली गेली, मी भांडी घासायला गेले, मुलगा ऑफिसमधून अजून यायचा होता. वर राहिले हे एकटे.

आता, ज्याला गुढी म्हणजे काय हे माहीत आहे, त्याला पुढचं सांगायला नको. गुढी सूर्य मावळायच्या आत उतरवतात. ढगांमुळे सूर्य काही दिसत नव्हता, म्हणून ह्यांनी खाली येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ पाहिली. मी ते पाहिलं, पण मला वाटलं एकादशीबिकादशी बघत असतील. वाटीत साखर घेऊन वर गेले. साखरेचा नैवेद्य दाखवला, हळदीकुंकू वाहिलं, दोऱ्या सोडल्या, वॉचमनला हाताशी धरून खांब अलगद खाली घेतला. फुलं-पानं सगळी उतरवून निर्माल्याच्या पिशवीत भरली. कुणाचा पाय लागायला नको. माणूस काम करतो ते व्यवस्थित करतो, ह्यात वादच नाही.

सून फोन घेऊन वर आली. मुलगाही तेवढ्यात पोचला होता, तो आणि मी मागून. गच्चीवरचा दिवा लावला तर समोर वाळूचं पिंप आणि भिंतीच्या कडेला आडवा पडलेला नागवा बांबू. हे बाजूला उभे, हात पुसत.

"बाय, सगळां नीट उतरवलंय," ते म्हणाले. "अगदी वेळेत."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एकदा बांबूकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि हसायचा प्रयत्न केला. तो मला बघवेना. माझं डोकंच फिरलं. "अहो, कुणी सांगितलं होतं उतरवायला?" मी ओरडले. "तिच्या वडिलांना दाखवायचा होता ना तो! त्यासाठीच तर हा सगळा घाट घातला होता!"

"सांगायला कशाला हवं? संध्याकाळ झाली. गुढी काय रात्रभर ठेवतात?"

"ही गुढी नाहीये!"

"मग दुपारी हळदकुंकू लावलं तेव्हा का नाय बोललीस?"

खरंच होतं ते. मी वर असते तर साखरेची वाटी मीच धरली असती. मुलगा म्हणाला, "बाबा, तिकडे हा खांब कित्येक दिवस उभा असतो. पानं सुकून जातात तरी काढत नाहीत." हे ऐकून ह्यांचा चेहरा उतरला. खाली वाकून त्यांनी उगाच बांबूवरची वाळू झटकली. "परत उभा करायचा तर..." ते म्हणाले आणि थांबले. "पण एकदा उतरवलेली परत उभारत नाहीत. त्यात दिवस मावळलेला. असं करू नये रे." माझा राग होताच, पण त्यांचीही दया आली. दोन्ही एकदम आलं, आणि काय करावं ते सुचेना.

तेवढ्यात फोन वाजला. तिकडूनच.

सुनेने उचलला. आधी नर्सचा चेहरा दिसला, मग फोन हलला, छत दिसलं, मग म्हातारा दिसला. पलंगावर टेकून बसलेला, पांढरी दाढी, केस विंचरलेले. आम्ही त्यांना लग्नात पाहिलं होतं तेव्हा ते ह्याच्या दुप्पट होते. सून बोलत होती, त्यांच्या भाषेत, भराभरा, आणि ते तिच्याकडे न बघता पडद्याच्या कडेला कुठेतरी बघत होते. मग ती थांबली. दाखवायला होतं काय तिच्याकडे? तिने फोन फिरवला आणि खाली पडलेला बांबू दाखवला.

म्हातारा पुढे झुकला. काहीतरी बोलला, घोगरं, छोटंसं.

मुलगा माझ्या कानाशी कुजबुजला, "मोडला का, विचारतायत."

कित्येक महिन्यांनी निघालेला पहिला शब्द, आणि तो बांबूसाठी! सुनेने मान हलवली, सांगायला लागली, मुलाने मला अर्थ सांगितला, की मोडला नाही, उतरवला, इथे संध्याकाळ झाली की उतरवतात. हे आतापर्यंत लांब उभे होते, ते जवळ आले आणि तिच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावले. नमस्कार केला. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचं लक्ष मात्र त्याच्या मागे होतं. मागे मोठी खिडकी होती, आणि खिडकीतून भिंतीवर, पलंगावर, त्याच्या पांढऱ्या केसांवर लख्ख ऊन पडलं होतं.

"अरे!" हे म्हणाले. "थय तर ऊन असा!"

"तिकडे दुपार आहे, बाबा," सून म्हणाली. "आज तिथे सूर्य खूप उशिरा मावळतो. रात्र होतच नाही जवळजवळ."

ह्यांनी बांबूकडे बोट केलं. "खांब कोणाचा? त्यांचा ना?" ते म्हणाले. "मग सूर्यही त्यांचाच धरायचा. अजून मावळला नाही, म्हणजे मी आधीच उतरवला. चूक झाली. चूक झाली तर दुरुस्त करायला हरकत नाही." आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन असे ओरडले, की अख्खी बिल्डिंग दचकली. "वर या रे सगळे! हातातलं टाका आणि वर या!"

मी निर्माल्याची पिशवी ओतली. फुलं चेमटली होती, पानं मुडपली होती. वहिनी घरातल्या गाऊनवरच धावत आल्या, आम्ही दोघींनी मिळेल तसं कड्यांना बांधलं, एका बाजूला सगळा झेंडू, दुसऱ्या बाजूला नुसतीच पानं. गणपतीसाठी ठेवलेला मोठा दिवा कुणीतरी लावला. पुरुषांनी बांबू उचलला, बुडखा पिंपात घातला, दोऱ्या ताणल्या. सून फोन दोन्ही हातांनी समोर धरून उभी होती.

खांब अर्ध्यावर आला आणि फोनमधून आवाज आला. आधी मला वाटलं त्यांना काही झालं, इतका मोठा. तो म्हातारा ओरडत होता. हात उचलून, पुढे झुकून, नर्स त्याला धरायला आली तिला कोपराने ढकलून. सून भाषांतर करायला गेली, तर हे म्हणाले, "नको सांगू, कळतंय मला! डावीकडचा सोडतोय म्हणून ओरडतायत. मेल्यांनो, डावी दोरी धरा!" फोनमधून पुन्हा ओरडा. "हां, हां, ताणतोय, दम धरा जरा!" ह्यांनी फोनकडे बघून मालवणीत उत्तर दिलं. वर जाताना पोरांनी सवयीने "मोरया" केलं. तिकडे म्हातारा क्षणभर थबकला, मग त्याने पण काहीतरी आरोळी ठोकली.

खांब उभा राहिला. डाव्या बाजूचं कडं खाली घसरलेलं, फुलं अर्धी गळलेली, पण उभा. वाळू दाबली, दोऱ्या बांधल्या. म्हातारा मागे टेकला, धापा टाकत होता. बराच वेळ बघत राहिला. मग पहिल्यांदा त्याने नजर वळवली आणि नीट लेकीकडे पाहिलं, आणि दोन-तीन वाक्यं बोलला, अगदी हळू. नर्सने फोन घेतला, हात हलवला, आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाले?" ह्यांनी घाम पुसत विचारलं. मुलालाही ऐकू आलं नव्हतं.

सून काळ्या पडद्याकडेच बघत होती. "म्हणाले, वारा आला तर झुकेल. उद्या याच वेळेला फोन लाव, मला बघायचाय."

"झुकेल कसा? मी बांधलाय," हे म्हणाले.

"अहो, गप्प बसा हो तुम्ही," मी म्हणाले.

ती तिथेच ओल्या गच्चीवर मांडी घालून बसली आणि रडायला लागली. रडता रडता आम्हाला पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, आम्हाला ऐकूच आलं नसल्यासारखं, की उद्या लाव म्हणाले, आई, उद्या लाव म्हणाले. मी तिच्या शेजारी बसले आणि तिला जवळ घेतलं.